भिंतीवरचा नान

खिवा

माझ्या आईला मुनिसाचा सलाम.

मी मजेत आहे. मशिदीच्या भिंतीवरच्या निळ्या टाइल्स दुरुस्त करतेय. सकाळी परांचीवर खरबूज खात बसलं, की ऊन येऊन अख्खी भिंत उजळते. बघत राहावंसं वाटतं.

काल एका टाइलवर उलटी वेल सापडली. म्हटलं, "सरळ करू?" उस्ताद म्हणाले, "राहू दे गं. त्या कारागिरालाही घर आठवलं असेल, तुझ्यासारखं."

शेजारचा शेरझोद लिहितो, तू खोकला लपवतेस. खरं का?

मी सुखरूप परतावं म्हणून, निघताना मी एकच घास घेतलेला उष्टा नान तू भिंतीवर टांगलायस. तो उतरवू नकोस. कितीही वाळू दे, दोघी चहात बुडवून खाऊ. एकटीच्या घशाखाली तो उतरायचा नाही.

तुझीच,
मुनिसा