नमन की नाटक

बा, तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुझ्याशी मनातल्या मनात बोलायला बसले की तो मोर्चाचा दिवस अजून आडवा येतो. आज तोच लिहिते आहे.

तेव्हा मी रत्नागिरीत शाळेत नोकरीला लागले होते आणि संध्याकाळी नाट्यमंडळात जायची. घरोघर नुकते टीव्ही येऊ लागले होते. त्याच सुमारास बातमी आली की सरकार आमच्या नाट्यमहोत्सवाचं अनुदान बंद करणार. त्याच फटक्यात गावाकडचं, सरकारच्याच पैशावर चालणारं तुझं नमनाचं शिबिरही जाणार होतं. उन्हाळ्यात शाळेच्या पडवीत तू पोरांना मृदंग शिकवायचास, नमनातले नाच, गण-गवळण बसवून घ्यायचास. जन्मभर भातशेती केलीस, पण त्या दिवसांत सगळा गाव तुला गुरुजी म्हणायचा आणि आई चुलीपुढून हसत विचारायची, "गुरुजी, भाकरी वाढू काय?" आमच्या मंडळाचे अध्यक्ष वकील होते. ते म्हणाले, "आपण मूठभर नाटकवाले मोर्चा घेऊन कचेरीवर गेलो तर कोण विचारतो? गावाकडची माणसं आणा." म्हणून मी लांज्याच्या गाडीनं घरी आले. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "आमी येऊन कायतरी व्हईल?" मी म्हणाले, "तुम्ही आलात तरच होईल."

भातकापणी तोंडावर होती, तरी तुझं सगळं मंडळ हातखंब्याला गाडी बदलून, मृदंग मांडीवर सांभाळत आलं. बाजारपेठेतून आपण चाललो आहोत, मी दुकानादुकानांतून निवेदनावर सह्या मागते आहे. एक कापडवाला गल्ल्यावरूनच ओरडतो, "आधी नळाला पाणी आणा, मग नाचा!" माझं तोंड एवढंसं होतं. तू मात्र त्याच्या पायरीशी जाऊन थांबतोस. "पानी तर व्हयाच, शेट. पन पानी वढताना बाया गातात, त्यांना काय गप बस म्हनशात?" दुकानातलं गिऱ्हाईक हसलं, मग तोही हसला आणि त्यानं सही केली. त्यानंतरच्या दुकानांत मला फारसं बोलावंच लागलं नाही. लोक तुझ्याकडे बघून सही करत होते.

कचेरीत पाचच जणांना वर सोडणार होते. गावाकडच्यांच्या वतीनं कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा तूच म्हणालास, "माजी पोर जाईल. तिला बोलता येतं." तुम्ही खाली झाडाखाली बसलात. वर साहेबांनी आमचं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "दोन्हींची शिफारस केली तर मुंबईत दोन्ही उडवतील. एक काय ते सांगा, त्याच्यासाठी मी जोर लावतो." वकील माझ्याकडे वळले. "बाई, गावाचं तुम्ही बोला." खिडकीतून तुझा मृदंग ऐकू येत होता. मी म्हणाले, "महोत्सव ठेवा. नमन काय, गावात होतच राहील. त्याला सरकार कशाला?"

वकिलांनी पायऱ्यांवरूनच ओरडून सांगितलं, "अनुदान वाचलं!" कुणाचं, ते सांगितलं नाही. मीही नाही. तुम्ही तिथेच फेर धरलात. घामानं निथळत तू माझ्याजवळ आलास, डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "तुला शिकीवल्याचं चीज झालं बग."

मे महिन्यात मी सुट्टीला आले तेव्हा तू शाळेची पडवी सारवून घेतली होतीस. शिबिराचा कागद आला नव्हता. "आडकला आसंल मुंबैला," तूच माझी समजूत घातलीस. पुढच्या वर्षीही आला नाही. पोरं मुंबईला गेली. शिमग्याला दोन दिवस यायची, पालखी नाचवायची आणि परत जायची. मृदंग हातात घ्यायला कुणी तयार झालं नाही. तुझी बोटं आखडली आणि मंडळ मोडलं. पडवीत बसून एकदा तू म्हणालास, "सरकारनं फसवलान आपल्याला." मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "हो, बा."

महोत्सव मात्र चालू राहिला, चांगला चालला. हे मी कुणाला दाखवणार नाही, दादालासुद्धा नाही. तो अजून गावात सरकारलाच शिव्या देतो आणि मी देऊ देते. साहेबांनी कात्रीत पकडलं होतं, दोन्ही बुडण्यापेक्षा एक वाचवणं शहाणपणाचं होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटंही नाही. पण त्या वर्षीच्या महोत्सवातल्या नाटकात मला पहिल्यांदाच नायिकेचं काम मिळालं होतं, बा. साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या मनात तेवढंच होतं.