रविवारच्या बागा

पुणे, मार्च २००४

प्रिय दीपमाला,

फोनवर बोलायला घेतलं की तू रडतेस आणि मी रिसीव्हर धरून गप्प बसते, म्हणून लिहायला बसलेय. आमचं बरं चाललंय. तुझे दाजी सकाळी चालायला जातात, जेवतात, पेपर उलटसुलट करतात. मी स्वयंपाक करते. भाजीत मीठ आहे की नाही हे दोघांनाही कळत नाही, त्यामुळे भांडणही होत नाही.

परवा रविवारी मात्र घराबाहेर पडलो. माझ्या रुपालीला जाऊन आता वर्ष होईल, पण आनंदरावांनी जावईपण सोडलेलं नाही, अजून येतात. भाजी आणतात, ह्यांच्या गोळ्या आणतात. आईवडील तर त्यांना लहानपणापासूनच नाहीत. हिंजवडीच्या ऑफिसातून सुटलं की रिकाम्या फ्लॅटवर जायचं. या खेपेला म्हणाले, काही हौशी माणसं आपल्या घरची बाग एक दिवस लोकांना बघायला उघडी ठेवतात, सगळी आपल्याच मातीतली झाडं, चला. मला कुठेच जायचं नव्हतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. साडी बदलली आणि गाडीत बसले.

पहिली बाग सहकारनगरात, एका निवृत्त प्राध्यापकांची. बकुळ, आपटा, तामण, कुंपणाला अडुळसा. गृहस्थ अस्सल पुणेकर. एका बाईंनी विचारलं, गुलाब नाही का हो? तर म्हणाले, "गुलाब मंडईत मिळतो. इथे झाडं आहेत." सगळे हसले, मीही हसले असेन. सीतेचा अशोक केशरी गुच्छांनी लगडला होता. हे सुंदर असतं एवढं मला आठवत होतं. त्याच बाईंनी ह्यांना विचारलं, हा तुमचा मुलगा का? हे काही बोलायच्या आत आनंदराव "हो" म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तिथून बाणेरला गेलो. एके काळी तिथे नुसती शेतं होती म्हणे, आता सोसायट्यांच्या मधूनच रस्ता शोधावा लागतो. घर सोजरबाई नावाच्या बाईंचं. बाकीचं शेत बिल्डरला गेलं, विहिरीभोवतीचा तुकडा तेवढा त्यांनी नवऱ्याला विकू दिला नाही. करवंदीची जाळी, भोकर, आणि विहिरीच्या कडेला फुललेला पळस. "ही झाडं कुनी लावली न्हाईत, आमच्या आधीपास्नं हायेत," असं म्हणून त्या प्रत्येक झाडाला जाता जाता हात लावत होत्या. तुझे दाजी पळसाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे नळदुर्गाला ह्याच्याच पत्रावळी लावायचे." इतकं लांब वाक्य कितीतरी महिन्यांनी ऐकलं मी. दोघं पत्रावळींवर बोलत राहिले. मी विहिरीच्या कट्ट्यावर टेकले.

सोजरबाईंची मुलगी पाणी घेऊन आली. ऋतुजा. आनंदरावांच्याच ऑफिसात आहे. तांब्या माझ्या हातात देऊन ती तिथेच उभी राहिली. आनंदराव लांब उभे होते, झाडांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात सोजरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमची रुपाली लई गुणाची व्हती. आनंदराव सांगत्यात."

दीपमाला, तिचं नाव आमच्या घरात आता कुणी घेत नाही. आम्ही दोघं तर नाहीच. आणि त्या परक्या अंगणात एका बाईनं ते सहज घेतलं. मला सगळं कळलं. रडू येईल म्हणून मी थांबले, ते आलं नाही. मुलीला म्हटलं, बस. ती खालीच बसली. म्हणाली, "काकू, मी त्याला सांगितलं होतं, आधी तुमच्याशी बोल म्हणून. त्याच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून इकडे घेऊन आला. तुम्हाला नको असेल तर आम्ही इथेच थांबवतो." मी तिला विचारलं, रुपालीचा फोटो भिंतीवर राहील का? ती म्हणाली, "मी तो काढायला येतच नाहीये, काकू."

परतताना आनंदरावांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू करीनात. ह्यांनी समोर बघतच सांगितलं, "माणसं चांगली आहेत." तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मी मागच्या सीटवरून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आनंद, पुरे रे," मी म्हणाले. जावयाला अरे-तुरे केलं हे घरी आल्यावर लक्षात आलं.

तू आपल्या उल्कासाठी आनंदचं विचारलं होतंस. आपलीच पोर त्या घरात जाईल, सगळं घरच्या घरात राहील, असं तुला वाटलं. मलाही वाटलं होतं. मी हो म्हणणार होते, ते उल्काच्या सुखासाठी नाही. रुपालीचं कपाट परक्या बाईनं उघडू नये एवढ्यासाठी. त्यासाठी तुझी मुलगी कशी मागू? तिच्यासाठी दुसरं स्थळ बघ, चांगलं बघ, आणि माझ्यावर रागवायचं असेल तर रागव. बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. अक्षयतृतीयेला आनंद आणि ऋतुजाचं लग्न करायचं ठरलंय. मुलाच्या बाजूनं आई म्हणून मी उभी राहायची आहे. सगळ्यांसमोर उभी राहीनही, पण त्या दिवशी सकाळी मला साडी नेसायला लावणारं कुणीतरी हवं. तू ये.

तुझीच,
अक्का