देव्हाऱ्यातलं समुद्राचं पाणी

डिंडोली, सुरत
शनिवार

प्रिय वर्षावहिनी,

तू बरी आहेस असं धरून चालते, कारण फोनवर तू मला विचारूच देत नाहीस. मी पंडितरावांचं नाव काढलं की तुझ्याकडे लगेच दूध उतू जातं. अमळनेरला तुझ्या माहेरी म्हशी तरी किती आहेत गं? म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच ‘ठेवते हं’ म्हणता येत नाही. उद्या संध्याकाळी त्यांची शिरपूरची माणसं लग्नाबद्दल तुझं उत्तर घ्यायला येणार, आणि तू इथून निघालीस तीच नकार ठरवून, हे मला ठाऊक आहे. आईंना एकटं टाकून मी दुसरा संसार मांडू का, एवढंच बोललीस आणि रिक्षात बसलीस. आणि महिनाभर त्या एसटी आगारातल्या मेकॅनिकचा, तुझ्या पंडितरावांचा, विषय निघाला की वरणात दोनदा मीठ कोण घालत होतं? खाल्लं मात्र आम्ही दोघींनी, मुकाट्यानं.

आधी एक राहून गेलेलं सांगते, मग तुझ्याशी भांडते. लखनदादा काविळीनं गेला तेव्हा माझी बारावी चालू होती. लूमवर जाणारा घरातला एकुलता हात गेला होता, त्यामुळे आईनं मला साड्यांच्या फोल्डिंगला धाडायचं ठरवलं, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. तूच तिच्यापुढे उभी राहून म्हणालीस की योगिता शिकेल. तुझे स्वतःचे डोळे तेव्हा रडून सुजलेले होते. मग तू साड्यांना चमचमत्या टिक्या चिकटवायचं काम घरी आणलंस. त्या गोंदाच्या वासानं तुझं डोकं धरायचं, तरी मी वाचत असले की शेजारच्या कलाबाईंचा टीव्हीसुद्धा तू खिडकीतून ओरडून बंद करवायचीस. बिचाऱ्या कलाबाईंच्या कितीतरी मालिकांचे शेवट माझ्या अभ्यासापायी बुडाले. समुद्रातले जिवाणू शिकून पुढे काय, हे सगळ्या गल्लीनं विचारलं. ते बिचारे खातात काय, हे एकट्या तू विचारलंस. वहिनी, मी आज जे काही आहे ते तुझ्यामुळे आहे. तोंडावर म्हटलं असतं तर तू मला झाडूनं मारलं असतंस, म्हणून लिहून टाकते.

आता इथली बातमी ऐक. मागच्या रविवारी आम्ही प्रयोगशाळेतले लोक पाण्याचे नमुने घ्यायला होडीनं डुमसच्या पुढे, गढूळ पाणी संपतं तिथवर गेलो होतो. परत आलो तर प्रयोगशाळेला कुलूप, चावी असलेला माणूस लग्नाला गेलेला. मी पाण्याच्या बाटल्या घरी आणल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या आणि अंघोळीला गेले. बाहेर येते तर एक बाटली गायब! शोधशोध शोधली. ती देव्हाऱ्यात होती. बाटलीला हळदकुंकू, बुचावर झेंडूचं फूल, पुढे निरांजन, आणि आई हात जोडून बसलेली. दादाच्या अस्थी आपण तापी समुद्राला मिळते तिथेच सोडल्या होत्या ना, म्हणून तिच्या मते माझ्या बाटलीतून लखन घरी आला होता. मी डोक्याला हात लावला. अगं, निरांजनाच्या उबेला ठेवलेला नमुना कशाच्या कामाचा? मी चिडून काहीबाही बोलले, आणि मग तिचं तोंड पाहून तिच्या शेजारी बसले.

जरा वेळानं तिनंच विचारलं, की या पाण्यात तू रोज काय बघतेस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मग तुला सांगितलं होतं तसंच मी तिलाही सांगितलं. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव असतात, ते उन्हावर आपलं अन्न तयार करतात. पण सगळं स्वतः ठेवत नाहीत, जिवंत असतानाच त्यातलं थोडं पाण्यात सुटत राहतं आणि जिवाणू त्यावर जगतात. कोणी मेलं, कोणी फुटलं, तर तेही जिवाणूच खातात. आणि खाऊन झालं की त्या हिरव्या जिवांना लागणारं खत पाण्यात परत सोडतात, त्यावर पुन्हा नवे वाढतात. आईनं बाटली हातात घेतली. मग म्हणाली, लखन तठे नही शे का मंग? काय सांगू तुला, आहे म्हणून टाकावं असं वाटलं. पण खोटं बोलवेना. म्हटलं, नाही गं आई, या पाण्यात तो नाही, तो केव्हाच पुढे गेला, कुठल्या कुठल्या जिवांत मिसळून गेला असेल. मात्र थोडंसं असंही असतं की जे कुणाला सहज पचत नाही, ते हजारो वर्षं पाण्यात तसंच राहतं. तेवढं तिला पटलं. तेवढं राहू दे, म्हणाली. आणि मग पदरानं बाटलीवरचं कुंकू पुसत स्वतःशीच बोलली, की पाण्यानं माझ्या पोराला धरून नाही ठेवलं, आणि मी त्याच्या बायकोला धरून बसलेय.

त्या दिवसापासून ती तुझ्या लग्नाचंच बोलतेय. तिला एकटं कोण बघणार याची काळजी सोड, मी काय शोभेला आहे? मला स्वयंपाक येत नाही हे खरं, पण खिचडीवर माणसं जगतात. आणि आता हे पत्र पोस्टानं का नाही आलं, ते सांगते. आज उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसून ज्या बाईनं ते तुझ्या हातात ठेवलं, ती तुला म्हणाली असेल की सहज आले, सुनेची आठवण आली. थाप आहे ती. तिला हो म्हण असं मी स्वतः सांगायला गेले तर मला रडू फुटेल आणि पोरगी पुन्हा माझ्यापायी अडेल, असं म्हणून तिनं हे माझ्याकडून लिहून घेतलं. उद्या शिरपूरच्या माणसांसमोर ती तुझ्या आईशेजारी बसणार आहे, मुलीकडची म्हणून. तिच्या पिशवीत हिरव्या बांगड्या आहेत. काल लिंबायतच्या बाजारात कासारानं माप विचारलं तर तिनं आपलाच हात पुढे केला आणि त्याला सांगितलं, माझ्या लेकीचा हात माझ्याएवढाच आहे. ती समोर उभी असेल, वहिनी. पत्र बाजूला ठेव आणि हात पुढे कर.

तुझीच, तू शिकवलेली,
योगिता