तक्रार न करणारी बाई

विश्रांतवाडी, ४ फेब्रुवारी २००६

चि. आम्रपालीस अ. उ. आ.

खराडीहून तुझा लिफाफा आला. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून तू कागदावर लिहितेस, हे उपकारच. पण तुझ्या आजीच्या पुण्यानुमोदनाच्या पुस्तिकेसाठी मी लिहिलेल्या लेखावर लाल शाई? 'शालन नदीसारखी शांत' याखाली रेघ, समासात 'कोण?'. 'तिने कधी तक्रार केली नाही' यापुढे नुसतं 'खोटं'.

वस्तीत कोणी गेलं की लेखासाठी लोक माझ्याकडे येतात. आजवर सगळे छानच म्हणाले. हा लेख ऐकून वस्तीतल्या रंगरावांनी डोळे पुसले. आमच्या शाळेत गुरुजी कविता म्हणायचे, खिडकीबाहेर चिंचेची सावली हलत असायची, आणि अर्थ आपसूक अंगात उतरायचा. कवितेला कोणी जाब विचारत नसे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार तुला कंपनी देते, मी नाही. लेख शुक्रवारी छापखान्यात जाईल, आहे तसाच.

लोभ तूर्त राखून ठेवला आहे.
तुझा आजोबा, रतन

खराडी, ६ फेब्रुवारी

ती. आजोबांना सविनय जयभीम.

रंगरावकाका रडले, मान्य. ते भारत मॅच हरला तरी रडतात.

मीही लेख आधी तसाच वाचला, बसमध्ये, डोळे भरून. घरी येऊन पुन्हा वाचला आणि शेजारच्या विमलाबाईंची तुम्ही लिहिलेली पुस्तिका काढली. तीच नदी, तीच सावली, तेच तक्रार न करणं. फक्त नाव बदललंय. वस्तीतल्या सगळ्या बायका मुक्या होत्या का, आजोबा?

तिसरीत आडनाव ऐकून बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं. तुम्ही जाऊ दे म्हणालात. आजी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांशी भांडली आणि मी पुढे आले. ती भांडणारी बाई मला हवी आहे, तिला तुम्ही पुसताय. हा लेख छापलात तर कार्यक्रमाला येईन, पण तो वाचायला घेतलात की उठून बाहेर जाईन.

प्रेम आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.
आम्रपाली

विश्रांतवाडी, ११ फेब्रुवारी

चि. आम्रपालीस अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्याच पद्धतीने वाचलं. ती तिसरी नव्हे, चौथी. आणि आजी एकटी गेली नव्हती, साक्षीला वस्तीतल्या मुक्ताईला घेऊन गेली होती. चुका शोधणारीने तरी नीट लिहावं. माझं 'जाऊ दे' मात्र तुझ्या बरोब्बर लक्षात.

नदी खोडली तर पान रिकामं राहिलं. त्याचाच संताप आला. मग तिच्या तक्रारी लिहीत बसलो. रेशनवाल्याचं माप, नळाची वेळ, कुकर शिट्ट्या देत असताना माझं कविता म्हणत बसणं, तुझी शाळा. लेख झाला.

छापखान्यातल्या कोंडीरामने आजवर माझे लेख न वाचताच लावले. या वेळी त्याने हात थांबवून विचारलं, गेलेल्या बाईबद्दल असं कोणी लिहितं का. मी वैतागून सांगितलं, आधी पुरतं वाच. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. छान वगैरे काही म्हणाला नाही. मुख्याध्यापिका त्यावर काय बोलल्या, एवढंच विचारलं.

मला ते ठाऊक नाही. शालनने घरी येऊन सांगितलं असणार. मी कुठल्या तरी ओळी गुणगुणत असणार.

तुला ठाऊक असेल तर उलटटपाली कळव. चार ओळींची जागा सोडायला लावली आहे.

राग आहे. लोभही आहे, तूही ठेव.
तुझा आजोबा, रतन