कानपूरला कुणी जायचं

विटा,
ता. १२ फेब्रुवारी २०२४

चि. अंकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्यांनी पन्नास वर्षं हिंदी पडद्यासमोर बसून टाळ्या वाजवल्या आणि त्या पडद्यावर आपल्यासारखा एकही माणूस ज्यांना दिसला नाही, अशा लोकांपैकी एकाचं हे पत्र आहे. तूही त्यांच्यातलीच. म्हणून पत्र बापाचं असलं तरी तक्रार दोघांची आहे.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीत दुखतो, पण ती ऐकत नाही, जिने चढते. ती तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करतो. तुझं बोलणं ऐकू येत नाही. तिचं "व्हय, व्हय, जेवलो आमी" एवढं येतं. त्यावरून तू काय विचारलं असशील ते मी जुळवत बसतो. मी फोन केला तर तू उचलशील, हे मला माहीत आहे. पण बोलायला लागलो की माझं भाषण होतं. कागदावर निदान खोडता येतं.

गेल्या महिन्यात इस्लामपूरच्या एका कॉलेजात बोलावलं होतं. विषय, हिंदी सिनेमा आणि आपण. तासभर बोललो. म्हणालो, या सिनेमातला नायक पोटासाठी काय करतो ते तीन तासांत कळत नाही. ऊस दिसतो तो गाण्यात, नायिका त्यातून पळते आणि तिला पानं कापत नाहीत. आपल्या घराघरातला फौजी दिसतो तो सीमेवर, झेंड्याजवळ. तोच फौजी पेन्शनीवर येऊन साखर कारखान्याच्या गेटवर वीस वर्षं ट्रॅक्टर मोजतो, ते कुणी दाखवत नाही. म्हणालो, सामाजिक सिनेमा म्हणजे उपदेश नव्हे. माणूस कशानं जगतो आणि त्याच्या जगण्याची किंमत कोण मोजतं, एवढं खरं दाखवलं तरी पुरे. ज्या देशाचा सिनेमा आपल्या माणसांकडे बघत नाही, त्या देशातली माणसं एकमेकांकडेही बघेनाशी होतात.

टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मग तुमच्या भागावर कुणी पिक्चर लिहीत का न्हाई?"

मी सवयीनं उत्तर दिलं. निर्माते, पैसा, मुंबईची नजर. पुन्हा टाळ्या. परतताना एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो आणि कुणी काही विचारू नये म्हणून झोपेचं सोंग घेतलं. कारण असा सिनेमा लिहिला गेला होता. माझ्याच पोरीनं लिहिला होता. आणि तो मी थांबवला होता.

तू पटकथा घेऊन आलीस तो दिवस आठवतो. पहिला प्रसंग वाचून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. जोतिबा काकाला कानपुरातून आणलं तो प्रवास तू मिनिटामिनिटानं लिहिला होतास. गलाईच्या दुकानात तीस वर्षं सोनं शुद्ध करताना तेजाबाचा धूर छातीत गेलेला माणूस. त्याचा देह घेऊन निघालेली गाडी. झाशी, भोपाळ, इंदूर, धुळे, प्रत्येक ठिकाणी रस्त्याच्या कडेला आपल्या भागातले गलाईवाले उभे. कुणी बर्फ घेऊन, कुणी चहाचा थर्मास घेऊन, आणि ताज्या दमाचा एक ड्रायव्हर. कुणी कुणाला ओळखत नाही, तरी गाव विचारायच्या आधी गाडीचं दार उघडतात. हे आपल्याकडे रीतच आहे. यात सांगण्यासारखं काही आहे, हे आम्हाला कुणालाच कधी वाटलं नव्हतं. ते तुला दिसलं.

मग जूनमधली ती सभा. तुझ्या निर्मात्याला खऱ्या दुकानांत चित्रीकरण हवं होतं. गलाईवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष बाळासो म्हणाले, "पिच्चरवाली आमाला चोरीचं सोनं गाळणारी दाखवतील. आदीच पोलीस दारात असत्यात." त्यांची भीती खोटी नव्हती. पण ती भीती होती, अजून विरोध नव्हता. तिला शब्द मी दिले. 'आपल्या घामाचा बाजार मांडू नका' हे वाक्य माझं. नकाराच्या बाजूनं सगळे हात वर झाले. तू भिंतीला टेकून उभी होतीस.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "आण्णा, तुमाला हिंदी शिनेमाला शिव्या द्यायच्यात. त्यो चांगला व्हायला नको हाय." त्या वाक्याचं उत्तर मी आठ महिने शोधतोय. मला इतकी भाषणं येतात, ते एक येत नाही.

परवा जोतिबाच्या घरी, तुझ्या काकीकडे गेलो होतो. सुलाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "भावजी, अंकीच्या पिच्चरचं काय झालं?"

मी तिलाही निर्माते आणि मुंबई सांगायला लागलो. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

"आवं, मी सभेचं समदं ऐकलंय. तुमी बोलला म्हनं. लय झ्याक बोलला." मग म्हणाली, "तवा पन तुमीच बोलला हुता न्हवं? ह्ये मला हसत सांगायचे. आण्णा असं बोलला, असं बोलला, का मलाच वाटलं कानपूरला जाईना त्यो येडा, म्हनायचे."

ती रागानं बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

आता ऐक. तुझ्या पटकथेत आजोबा धाकट्याला कानपूरला जायला सांगतात आणि थोरला खाली मान घालून उभा राहतो. तू मला तेवढ्यावर सोडलंस. तुला वाटलं, थोरल्याचा गुन्हा म्हणजे त्याचं गप्प बसणं. तसं घडलं नाही, अंकिता. कानपूरच्या दुकानातून एक माणूस मागितला तेव्हा आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले होते, "लाला थोरला, लाला जाईल." मी साताऱ्याला कॉलेजात होतो, वक्तृत्वाची ढाल नुकतीच जिंकली होती. जोतिबा एकोणीस वर्षांचा, आयटीआयचा फॉर्म भरून बसलेला. मी सोप्यात उभा राहिलो आणि अर्धा तास बोललो. म्हणालो, माझे हात थरथरतात, जोतिबाचा हात स्थिर आहे. म्हणालो, त्याला हिंदी सिनेमाची आवड, भाषा लगेच येईल. माझे हात कधीच थरथरत नव्हते. आजोबांना पटलं. जोतिबालाही पटलं, हे त्याहून वाईट. तो आत जाऊन पिशवी भरायला लागला.

माझं आयुष्यातलं पहिलं यशस्वी भाषण ते होतं.

कॅमेरा सुलाबाईच्या दारात गेला की ती हे हसत हसत सांगणार, हे मला माहीत होतं. घामाचा बाजार वगैरे काही नव्हतं. मी तुझा सिनेमा माझ्यासाठी थांबवला, आणि पुन्हा बोलूनच थांबवला.

मला पडद्यावर जोतिबाला बघायचंय. कुणीतरी अनोळखी नट त्याच्यासारखा भट्टीसमोर बसलेला असला तरी चालेल. अंधारात बसून मी त्याच्याकडे दोन तास बघेन, तो माझ्याकडे बघणार नाही. तेवढीच भेट आता शक्य आहे. आणि ती तुझ्याशिवाय कुणी घडवून आणू शकत नाही.

काल बाळासोंना भेटलो आणि जे इथं लिहिलंय ते तोंडी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लालासाब, पोरीला बोलवा. दुकानं कशी दाखवणार त्ये तिच्याच तोंडनं ऐकू." रविवारी, पंचवीस तारखेला सकाळी दहाला सभा आहे. ते हो म्हणतील की नाही, ते मला माहीत नाही. मी बोलणार नाही. सुलाबाईशेजारी खाली सतरंजीवर बसणार आहे.

तो प्रसंग बदल. थोरल्याला गप्प ठेवू नकोस, त्याला पूर्ण अर्धा तास बोलू दे. आणि पंचवीस तारखेला विट्याला येऊन, सगळ्यांसमोर, माझ्यासमोर, तो मोठ्यानं वाच.

जोतिबाचा थोरला भाऊ,
लालासाहेब