दारातला वारा
वैशाख पौर्णिमा, १९५७. परळ.

हसू अजून थांबत नाही.

दिवेलागणीला बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. आमच्या घरातली पहिलीच. सासूबाईंना जन्मभर समईची सवय. ज्योत बारीक वाटली म्हणून त्यांनी काडीने मेण उकरून वात वर काढली. मग काय, ज्योत बोटभर उंच, नुसता काळा धूर, आणि मेण सगळं एका बाजूने ओघळून गेलं. विझलीच ती. तेवढ्यात शेजारची सखू सांगत आली, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर लाठ्या चालल्या. हे मोर्च्यालाच गेले होते.

सासूबाई विझलेल्या वातीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझ्याच हातानं विझली गं!"

"मेण ओघळलं, वात कोरडी पडली, म्हणून विझली," मी म्हटलं. जळकी वात कातरली, दार लोटून घेतलं, पुन्हा पेटवली. ज्योत सरळ उभी राहिली. पण माझं मला तरी पटलं होतं का? दीक्षा घेताना शकुन-अपशकुन सोडले ना आपण? तरी डोळा त्या ज्योतीवरच. जराशी हलली की हाताचा आडोसा धरायचे.

आणि धाडकन दार उघडून हे आत आले, धडधाकट. वाऱ्याने मेणबत्ती पुन्हा विझली.

अंधारात आधी सासूबाईच हसल्या.