तिचं पान काढलं, दादा

प्रिय दादा,

गेल्या सोमवारी सकाळी तुझा मोबाइल वाजला. तू जाऊन सहा महिने झाले, आणि तो मसाल्याच्या डब्याशेजारी फळीवर टुणकन वाजला तशी वहिनीच्या हातातली पळी खाली पडली. कोणाचा निरोप नव्हता. आपल्या वसतिगृहाच्या वेबसाइटचा ओटीपी होता. मीच मागवला होता, कारण पासवर्ड तुझ्या एकट्याच्या डोक्यात होता आणि तू तो बरोबर घेऊन गेलास.

म्हणून हे पत्र. तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं ते सगळं शोकसभेत बोलून झालंय, शहापूरच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. लोकांना वाटलं, बहीण आहे, कंठ दाटला असेल. कंठबिंठ काही दाटला नव्हता रे. तुझ्या जाण्याच्या आधीपासून एक गोष्ट मला टोचत होती आणि ती माइकवर सांगण्यासारखी नव्हती.

तू गेलास तोही कसा! मीटिंगला निघालास, ओट्यावर बसून चपला घालता घालता तसाच कलंडलास. पाणी मागितलं नाहीस, की काही सांगितलं नाहीस. सांगायची सवय तुला कधी होती? कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे, पोरांच्या गोळ्या-औषधांचं कपाट माझ्याकडे, रात्री कोण रडतं आणि कोणाला गोधडी पुरत नाही ते माझ्याकडे. बाहेरचं जग तेवढं तुझ्याकडे. "कुसुम, तू पोरं बघ, लोकांना मी बघतो." तीस वर्षं हेच ऐकलं.

आणि मी ऐकलं, याचा राग तुझ्यावर काढू की स्वतःवर?

तुला आठवतं, वेबसाइट करायची ठरली तेव्हा आपण दोघं कार्यालयात समोरासमोर बसलो होतो? पंधरा वर्षं झाली. कल्याणचा वेबसाइटवाला म्हणाला होता, एखाद्या मुलीची गोष्ट टाका, फोटो टाका, लोक गोष्ट वाचतात. मी वहीत लिहून दिलं. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ही आता त्यांच्यामागे जात नाही, वसतिगृहात राहते, सहावीत आहे, गणित आवडतं, भाकरी माझ्यापेक्षा गोल थापते. तू वाचलंस आणि वही माझ्याकडे सरकवलीस.

"असं वाचून कोण थांबेल गं? वाचणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे."

मग तू कालवलंस. बाप दारू पिऊन गटारात पडलेला असायचा. आई भट्टीवर. मुलगी दुसऱ्यांच्या घरचं उष्टं खाऊन जगायची. खाली तिचं नाव, आडनाव, पाडा. आणि वर तिचा एवढा मोठा फोटो.

तिचं नाव मी या पत्रातही लिहीत नाही. तुला ते माहीत आहे आणि मलाही. तेवढं पुरे.

फोटोच्या वेळी मीच तिला हाताला धरून अंगणात आणलं होतं, हे मी विसरलेले नाही. आदल्या दिवशीच आपण पोरांना नव्या चपला वाटल्या होत्या. निळ्या पट्ट्याच्या. ती पायात घालून झोपली होती. तू म्हणालास, "चपला काढ बरं जरा. आणि केस असे चापूनचोपून नको." मी तिच्या वेणीची रिबीन सोडली. मीच सोडली, दादा! तिने माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

त्या पानाने देणग्या आणल्या, मुलींची न्हाणीघरं बांधली, हे मी नाकारत नाही. दुसरी खोली झाली, पाण्याची टाकी आली. पाहुणे यायचे ते "ती मुलगी कुठेय?" असं विचारत यायचे, आणि तू हौसेने तिला पुढे करायचास. आठवीत गेल्यावर पाहुण्यांची गाडी दिसली की ती मागच्या दाराने विहिरीकडे पळायची. मी तिला एकदाही हाक मारून परत आणलं नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

आता ती सत्तावीस वर्षांची आहे. मुरबाडला एका दवाखान्यात केस पेपर काढायच्या खिडकीशी बसते. तू जायच्या महिनाभर आधी मी गुडघा दाखवायला तिथे गेले. मला वाटलं, ओळखेल, हसेल. ओळखलं. हसली नाही. माझा केस पेपर काढला, मग स्वतःचा मोबाइल काचेच्या खालून माझ्यासमोर सरकवला.

"बाई, यो फोटो कदी काढणार तुमी?"

मी म्हटलं, "अजून आहे तो?"

"अजून म्हंजे? नाव टाकलं का पयला त्योच येतो. मागं एक पेशंट आलता, बराच वेळ माझ्याकडं बगत व्हता. म्हनला, गटारात पडायचा तो तुजाच बाप ना?"

मागे रांग होती. मी हळू बोलायला लागले, ती नाही.

"बाप प्यायचा, त्ये खरं हाय. पन उष्टं आमी कदी खाल्लं नाय, बाई. आयनं खाऊच दिलं नसतं. त्ये कुनी लिवलं?"

तिने फोटो बोटांनी मोठा केला आणि खालचा कोपरा दाखवला. तिथे निळा पट्टा होता, अर्धा. फोटो काढणाऱ्याच्या लक्षात आला नसेल. पंधरा वर्षं मी ते पान शंभर वेळा बघितलं असेल, मलाही दिसला नव्हता.

"माझ्या चपला व्हत्या, हे तरी दिसतंय का तुमाला?"

मग तिने एक गोष्ट सांगितली आणि माझा गुडघा मी विसरले. तिची मुलगी पहिलीत गेलीय. आईचा मोबाइल घेऊन त्यात तोंडाने बोलते, कार्टून लावते, गाणी लावते. एकदा तिने आईचंच नाव सांगितलं. फोटो आला. पोरगी म्हणाली, आई, ही कोण रडकी? "मी म्हनलं, कुनीतरी हाय. अजून तिला अक्षरं लावून वाचाया येतं, जोडाक्षरं नाय येत. ती आली का समदं वाचंल. त्याच्या आदी काढा, बाई."

मी घरी आले आणि तुला सांगितलं. तू पेपर वाचत होतास. "बघतो," म्हणालास. पेपर खाली पण केला नाहीस. आठवडा गेला, मी परत विचारलं. "बोललोय वेबसाइटवाल्याशी, काम चालू आहे." मी विश्वास ठेवला. मग तू गेलास, आणि पान तिथेच.

विश्वस्तांतल्या पाटील सरांना विचारलं, ते म्हणाले, ते सगळं दादाच बघायचे. वेबसाइटवाल्याने हात झटकले. म्हणाला, वेबसाइटची जागा दादांच्या नावावर, ईमेल दादांचा, नंबर दादांचा, मी हात लावू शकत नाही. आणि तुझा नंबर रिचार्जवाचून बंद पडलेला. वहिनी म्हणाली, "मला तरी कुठं काय सांगितलं यांनी, गो." अख्ख्या संस्थेची किल्ली एका माणसाच्या खिशात, आणि त्याला आम्ही सगळे मोठेपणा म्हणत होतो! तुझा मृत्यूचा दाखला घेऊन मी आणि वहिनी मोबाइलच्या दुकानात चार वेळा गेलो. एकदा वहिनीच्या आधारवर माहेरचं आडनाव, एकदा सिस्टीम बंद, एकदा साहेब जेवायला. तिकडे एक पोरगी शाळेत रोज एकेक जोडाक्षर शिकत होती आणि इकडे मी रांगेत होते.

शेवटी सिम वहिनीच्या नावावर झालं. कॉम्प्युटरने विचारलं, पासवर्ड विसरलात का? विसरले नाही बाबा, मला कोणी कधी सांगितलाच नाही.

ओटीपी टाकला आणि आधी तिचं पान काढलं. फोटो काढला, नाव काढलं, तीच गोष्ट इंग्रजीतही होती ती काढली. मग तुझा ईमेल उघडला. उघडायला नको होता, असं तू म्हणशील.

तिची तीन पत्रं होती त्यात. वेबसाइटवर "संपर्क" म्हणून जागा आहे ना, तिथून पाठवलेली. पहिलं तिच्या लग्नाच्या वर्षाचं. दुसरं मुलगी झाल्यावरचं. तिसरं तू गेलास त्याच्या दोन महिने आधीचं: "दादा, तुमचे उपकार आहेत, पण फोटो काढा." तिन्ही तू वाचलेली होतीस. उत्तर एकालाही नाही. पहिल्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी वेबसाइटवाल्याला मात्र तू लिहिलं होतंस, "ते पान हलवू नका. लोक आपल्याला त्याच पानाने ओळखतात."

आणि मला सांगितलंस, बोललोय, काम चालू आहे! त्यानंतर त्याला तुझी एक ओळ नाही, दादा. मी सगळं शोधलं.

तुझ्यावर मी आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते. पोरांची ताटं वाढायची होती, ती वहिनीला सांगितली आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. समोर वेबसाइट उघडीच होती. बाजूला तुझं पान, संस्थापकाचं. पाटील सरांना तिथे तुझा हार घातलेला फोटो हवाय. त्या पानावर तू स्वतः लिहिलेली ओळ अजून होती, "वडील रेल्वेत नोकरीला, घरातलं वातावरण शिस्तीचं."

आपले अण्णा शिस्तीचे?

मी टाइप करायला घेतलं. पोटात कालवेल असं लिहायला तूच शिकवलं होतंस. यांचे वडील कसाऱ्याला गँगमन होते, दारू पिऊन फलाटावर पडलेले असायचे, बायकोने पोरांना शेजारणीच्या चुलीवर जेवू घातलं. नाव, आडनाव, गाव. सगळं खरं, तुझ्यासारखं एक अक्षर वाढवलेलं नाही. खाली बटण होतं, "प्रकाशित करा." माझं बोट त्याच्यावर होतं.

आणि मला उंबरमाळीची ती दुपार आठवली. तू सहावीत होतास, मी दुसरीत. अण्णा रेल्वेच्या हाल्टवर पडलेत असं कोणीतरी सांगत आलं आणि आईने आपल्या दोघांना पाठवलं. ते बाकाखाली तोंड वासून पडले होते. तेवढ्यात गाडी आली, आणि दारात आपले गुरुजी उभे. तू अंगातला शाळेचा शर्ट काढलास आणि अण्णांच्या तोंडावर टाकलास. उघड्या अंगाने त्यांच्यासमोर उभा राहिलास. गुरुजींनी विचारलं, "कोण रे तो?"

"नाय माहीत, गुरुजी."

गुरुजी गेले तरी तू बराच वेळ शर्ट उचलला नाहीस. माझा हात घट्ट धरून म्हणालास, "कुनाला सांगायचं नाय, कुसुम."

तुला माहीत होतं, दादा! बापाचं तोंड झाकायचं असतं, हे तुला अकराव्या वर्षी कोणी न शिकवता माहीत होतं. मग तिच्या बापाचं का नाही? तिची लाज तुला लाज का वाटली नाही? ती सहावीतच होती. तुझ्याएवढीच होती.

याचं उत्तर तू आता देणार नाहीस आणि मीही ते तुझ्या वतीने देणार नाही.

लिहिलेलं सगळं मी पुसलं. तुला माफ केलं म्हणून नाही, भलतं समजू नकोस. तुला विचारायची सोय उरली नाही म्हणून पुसलं. माणसाला विचारल्याशिवाय त्याची गोष्ट टाकायची नाही, हे तिच्याबाबतीत खरं असेल तर तुझ्याबाबतीतही खरं असलं पाहिजे. शिस्तीची ओळही पुसली. खोटी होती.

काल मुरबाडला गेले. खिडकीशी उभी राहिले, तिला म्हटलं, बघ. तिने मोबाइलमध्ये स्वतःचं नाव टाकलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग पाड्याच्या नावासकट. तिचं काही आलं नाही. तिच्या नावाची दुसरीच कोणी नागपूरची डॉक्टर आली. ती बराच वेळ त्या डॉक्टरीणबाईंचा फोटो बघत होती.

"पोरगी परवा 'क्ष' शिकली," म्हणाली.

मी म्हटलं, "उशीर झाला, बाई. माझंही चुकलं. रिबीन मी सोडली होती."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावरून मागे बघून तिने हाक मारली, "पुढचं कोन?"

मी बाजूला झाले. त्यापेक्षा जास्त काही मिळायचा माझा हक्कही नव्हता.

आता पासवर्ड वहिनीला माहीत आहे, मला माहीत आहे आणि पाटील सरांनाही दिलाय. वेबसाइटवर पोरांची तोंडं नाहीत. वसतिगृह कुठे आहे, कधी उघडतं, पोराला घेऊन कोणी यायचं आणि कोणाला फोन करायचा, एवढं साध्या मराठीत लिहिलंय, भट्टीवरच्या आईबापाला कोणी वाचून दाखवलं तर कळेल असं. पाटील सर म्हणतात, अशाने आपल्याला कोण विचारणार? तुझाच आवाज आला मला त्यात.

तुझ्या पानावर तुझं नाव आहे आणि गाव आहे. फोटो नाही, हार नाही, अण्णाही नाहीत. पाटील सर रागावले, वहिनी रडली. तू अण्णांच्या तोंडावर शर्ट टाकला होतास, मी तुझ्या तोंडावर टाकलाय. मी आहे तोवर तो कोणाला उचलू देणार नाही, हा माझा शब्द.

तुझ्यावर अजून रागावलेली,
कुसुम